मुक्तिबोधांच्या कवितेतील प्रकाश: उसना आणि अर्जित

आधुनिक कवितेत प्रकाशाची प्रतिमा आली की तिचा अर्थ आपण बहुधा गृहीत धरून चालतो. प्रकाश म्हणजे ज्ञान, आशा आणि मुक्ती. अंधार म्हणजे अज्ञान, निराशा आणि बंधन. हे समीकरण संतकवितेपासून आजच्या शालेय प्रार्थनेपर्यंत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणाला वाटत नाही. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांच्या कवितेला मात्र हे समीकरण लावले, की तिचे मर्मच हातून निसटते. या कवितेत चांदणे हेरगिरी करते, मिरवणुकीतले दिवे गुन्हेगारांचे चेहरे उजळतात, आणि ज्याला खरा प्रकाश म्हणावे तो डोंगराच्या पोटातील अंधाऱ्या विवरात दगडांतून झिरपत असतो. येथे प्रकाश हे सिद्ध मूल्य राहत नाही; तो एक प्रश्न होतो. हा प्रकाश कोणाचा आहे, तो कोठून आला, तो कोणावर पडतो आणि पाहणाऱ्याकडून काय मागतो, हे या कवितेला प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते. त्या प्रश्नाचा माग घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुक्तिबोधांचा जन्म तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे, १३ नोव्हेंबर १९१७ रोजी, एका मराठी कुटुंबात झाला. वडील पोलिस खात्यात नोकरीला होते. घरची भाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मात्र मराठीत लिहिते झाले. ‘नवी मळवाट’ (१९४९) आणि ‘यात्रिक’ (१९५७) या संग्रहांनी मराठी नवकवितेत त्यांचे स्थान निश्चित केले, तर ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथासाठी त्यांना १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातील दोन भाऊ दोन भाषांत आधुनिक कवी व्हावेत, ही घटना त्या काळच्या मध्य भारतातील मराठी समाजाच्या सांस्कृतिक स्थितीवर प्रकाश टाकणारी आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि दुर्ग, रायपूर, राजनांदगाव हा सारा छत्तीसगडी मुलूख त्याच राजधानीच्या कक्षेत येत होता. या प्रदेशात मराठी आणि हिंदी या शेजारणी होत्या. मुक्तिबोधांनी १९४८ पासून सुमारे दहा वर्षे नागपुरात काढली. तेथे त्यांनी सरकारी माहिती खात्यात आणि आकाशवाणीवर नोकरी केली, ‘नया खून’ या साप्ताहिकातून पत्रकारिता केली. १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे अध्यापक म्हणून ते रुजू झाले आणि मृत्यूला कारण ठरलेल्या आजारपणापर्यंत तेथेच राहिले.

राजनांदगावपासून पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर भिलाई आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. म्हणजे स्वतंत्र भारताच्या औद्योगिक स्वप्नाची भट्टी ज्या वर्षांत पेटली, नेमक्या त्याच वर्षांत, त्याच जिल्ह्यात, ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता आकार घेत होती. त्या काळी राजनांदगाव दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे. या योगायोगावरून भट्टीचा लाल उजेड थेट कवितेत उतरला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो टाळलेला बरा. कवितेतील प्रतिमा भूगोलातून उचललेली नसते. तरीही हा शेजार मनात ठेवून कविता वाचणे उपयुक्त ठरते. कारण ज्या काळात प्रकाश हा शब्द धरणे, वीज आणि पोलाद यांच्या संदर्भात राष्ट्रीय घोषणेसारखा उच्चारला जात होता, त्याच काळात हा कवी आपल्या सर्वांत महत्त्वाकांक्षी कवितेला अंधाराचे नाव देत होता.

मराठी वाचकाला या प्रतिमासृष्टीचे वेगळेपण अधिक स्पष्टपणे जाणवू शकते, कारण प्रकाशाची एक समृद्ध परंपरा त्याच्या कानांत आहे. ज्ञानदेवांच्या पसायदानातील सूर्य तापहीन आहे. तेज आहे, पण दाह नाही. ज्ञान आहे, पण त्याची पोळ नाही. तो कृपेचा प्रकाश आहे आणि मागितला असता लाभणारा आहे. आधुनिक काळात मर्ढेकरांनी मुंबई बंदरावरची माघातली पहाट रंगवली. तीत यंत्रयुगाच्या नगरावर क्षणभर का होईना एक कोवळा उजेड उतरतो, आणि त्या क्षणापुरते सजीव-निर्जीव सारे त्याचे सारखेच वाटेकरी होतात. मुक्तिबोधांच्या कवितेत अशी समवाटणी आढळत नाही. तेथे प्रकाश कोणावर तरी पडतो आणि कोणाला तरी वगळतो. त्याला नेहमीच एक उगमस्थान असते, आणि ते उगमस्थान संशयास पात्र असते. खऱ्या प्रकाशाला दाह असतो, किंबहुना दाह हीच त्याच्या खरेपणाची खूण असते. पसायदानातील सूर्य आणि ‘अंधेरे में’मधील मशाल यांच्यामधले अंतर हे दोन काळांमधले अंतर आहे.

‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या कवितेपासून आरंभ करावा. कवीच्या पहिल्या संग्रहाला हेच शीर्षक मिळाले. तो १९६४ साली भारतीय ज्ञानपीठातर्फे निघाला. कवीला मात्र तो पाहता आला नाही. मध्यरात्रीचे एक औद्योगिक नगर, कारखान्याच्या भिंती, धुरांडी, गरिबांची वस्ती, आणि वर एक वाकड्या तोंडाचा चंद्र. भारतीय कवितेतील चंद्राचे सारे लावण्य येथे जाणीवपूर्वक उतरवून ठेवले आहे. आकाशात जणू संचारबंदी पुकारलेली आहे, आणि चांदणे गुप्तहेरासारखे गल्लीबोळांतून, फटींतून, खिडक्यांतून डोकावत फिरते आहे. त्या नजरेखाली रंगारी आणि कामगार भिंतींवर भित्तिपत्रके चिकटवत आहेत. म्हणजे या नगरात उजेड सत्तेच्या बाजूला आहे आणि उद्याचा मजकूर काळोखाच्या आडोशाने लिहिला जातो आहे. चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो, ही शाळकरी माहिती येथे काव्यार्थाचा गाभा बनते. चांदणे हा उसना प्रकाश आहे. जो स्वतः जळत नाही आणि दुसऱ्याच्या तेजावर मिरवतो, त्याचे सौंदर्य वाकडे असणारच, असे ही कविता सुचवते.

उसन्या प्रकाशाची दुसरी आणि अधिक करुण बाजू ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत येते. गावाबाहेरच्या ओसाड अवशेषांत एक खोल बारव आहे. तिच्या पाण्यात एका विद्वानाचे भूत कोंडलेले आहे. अंगावरचा मळ जावा म्हणून ते अखंड शरीर घासत राहते, आणि मळ जात नाही. कधी तरी सूर्याचा एखादा तिरपा किरण विहिरीच्या तळाशी पोचतो, तेव्हा सूर्याने आपल्याला वंदन केले, असे त्याला वाटते. वाट चुकलेला चंद्रकिरण भिंतीवर आदळतो, तेव्हा चांदण्याने आपल्याला गुरू मानले, अशी त्याची समजूत होते. अपघाताने पोचलेल्या उजेडाला सन्मान समजणाऱ्या या विद्वानाची थट्टा कवी करत नाही, हे विशेष. त्या ब्रह्मराक्षसाचे अपुरे राहिलेले कार्य शिष्य होऊन पुढे न्यावे, अशी आकांक्षा कवितेच्या शेवटी व्यक्त होते. येथे प्रकाश खोटा नाही. त्याचे वाचन खोटे आहे. ज्ञान आहे, साधना आहे, पण ती बारवेतून वर येत नाही, लोकांत मिसळत नाही. परिणामी किरणाचा अर्थ लावणारी नजर आत्ममग्नतेने बिघडून गेली आहे. बुद्धिजीवी माणसाच्या शोकांतिकेचे इतके नेमके चित्र आधुनिक भारतीय कवितेत विरळाच.

प्रकाशाचा तिसरा प्रकार ‘अंधेरे में’मधील मध्यरात्रीच्या मिरवणुकीत दिसतो. निर्मनुष्य रस्त्यावरून बँडचा ताफा चालला आहे, मागून लष्करी पथके आहेत, आणि त्यांच्या सोबत नगरातील प्रतिष्ठित समीक्षक, कवी, विचारवंत, उद्योगपती व मंत्री आहेत. त्यांच्याच रांगेत गावातला कुख्यात मारेकरीही चालतो आहे. दिव्यांच्या रांगांखाली ही शोभायात्रा जाते आणि निवेदकाला सारे चेहरे ओळखू येतात. दिवसाउजेडी जे वेगवेगळे असतात, ते रात्रीच्या या कृत्रिम उजेडात एकत्र दिसतात. सत्तेचा प्रकाश येथे नकळत सत्य उघड करतो, पण ते पाहणाऱ्याला गुन्हेगार ठरवूनच. निवेदकाने आपल्याला उघडे पाहिले, हे ध्यानात येताच ते सारे त्याच्या मागे धावतात. पाहणे ही या कवितेत सुरक्षित क्रिया नाही. उजेडात जे दिसले त्याची किंमत द्रष्ट्याला चुकवावी लागते.

या तीन प्रकारांच्या समोर मुक्तिबोध ज्या प्रकाशाला उभे करतात, तो बाहेरून पडत नाही. पाठलागातून सुटलेला निवेदक एका गुहेत पोचतो आणि तेथे त्याला किरणोत्सर्ग करणारी रत्ने विखुरलेली दिसतात. ती कोणाची आहेत? ती त्याचीच आहेत. त्याने स्वतः जगलेले अनुभव, त्याला उमगलेले विवेकाचे क्षण, वेदनेतून निघालेले निष्कर्ष त्यानेच येथे पुरून ठेवले होते आणि लोकहिताच्या क्षेत्रापासून त्यांना हद्दपार केले होते. या प्रतिमेचे सामर्थ्य तिच्यातील वैज्ञानिक काटेकोरपणात आहे. किरणोत्सर्गी द्रव्य कोणी पाहो वा न पाहो, तेज फेकतच राहते. ते झाकून ठेवल्याने विझत नाही, आणि जवळ बाळगणाऱ्याला ते अपायही करू शकते. परंपरेतील नागमणी किंवा रत्नदीप यांची आठवण देणारी ही प्रतिमा परंपरेच्या बाहेर जाते ती यामुळे. हा प्रकाश संपत्ती नाही, तो थकलेले देणे आहे. तो आपल्यापाशी असूनही आपण काही केले नाही, हा त्याचा आरोप आहे.

‘एक अंतःकथा’ या कवितेत हाच विचार अधिक घरगुती रूपात येतो. रानातून वाळक्या काटक्या वेचणारी आई आणि डोक्यावर टोपली घेऊन तिच्या मागून चालणारा मुलगा, एवढेच दृश्य. काटकीत अग्नी दिसत नाही, पण तो तेथे साठलेला असतो. ज्याला चूल पेटवायची आहे, त्यालाच तो ओळखू येतो. गुहेतील रत्ने आणि आईच्या टोपलीतील काटक्या यांत वरकरणी काही साम्य नाही. परंतु दोन्हींत प्रकाश हा साठलेला आणि श्रमाने बाहेर काढावयाचा आहे. या कवीच्या लेखी अर्जित प्रकाश तो हाच.

असा प्रकाश सहन करणे सोपे नसते. ‘सहर्ष स्वीकारा है’ या कवितेत प्रिय व्यक्तीच्या निरंतर उजेडाने वेढलेला निवेदक शेवटी अंधाराचीच शिक्षा मागतो. स्नेहाचा उजेड त्याला असह्य होतो, कारण त्याच्यासमोर स्वतःचे दुबळेपण लपवता येत नाही. ‘अंधेरे में’मध्ये रक्तवर्ण मशालीच्या उजेडात न्हालेला जो रहस्यमय पुरुष गुहेच्या दारात दिसतो, तोच पुढे घराची कडी वाजवतो. निवेदक मात्र दार उघडायला कचरतो. तो आपलाच आहे, आपल्या अजून न गवसलेल्या अभिव्यक्तीचे पूर्ण रूप आहे, हे त्याला ठाऊक आहे. पण तो उंच, अवघड शिखरे चढायला सांगेल, हेही ठाऊक आहे. दार उघडेपर्यंत बाहेर कोणी उरलेले नसते. प्रकाशाची आस धरणाऱ्या अनेक कविता आपण वाचल्या आहेत. प्रकाश दाराशी आला असता अंथरुणातच अंग चोरून घेणाऱ्या माणसाचे चित्र मात्र मुक्तिबोधांनीच इतक्या प्रांजळपणे रेखाटले.

या कवितेवरील हिंदी समीक्षेतला प्रसिद्ध वाद येथे आठवतो. नामवर सिंह यांनी ‘कविता के नये प्रतिमान’ (१९६८) या ग्रंथात ‘अंधेरे में’ला अस्मितेच्या शोधाची कविता म्हणून केंद्रस्थानी आणले. रामविलास शर्मा यांनी ‘नयी कविता और अस्तित्ववाद’ (१९७८) मध्ये तीत रहस्यवादाचा आणि दुभंगलेल्या मनाचा प्रादुर्भाव पाहिला. दोघेही मार्क्सवादी, तरी एकाच कवितेतील गूढ तेजोमय पुरुष एकाला स्वत्वाचा आणि दुसऱ्याला विकाराचा सूचक वाटला. प्रकाशप्रतिमांच्या अंगाने पाहिल्यास दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. हा प्रकाश रहस्यवाद्यांच्या भाषेत बोलतो, हे खरे. पण त्याची मागणी रहस्यवाद्याची नाही. तो मौनात विलीन व्हायला सांगत नाही, तो बाहेर पडायला, अभिव्यक्तीचे सारे धोके पत्करायला सांगतो. तसेच हा शोध केवळ स्वत्वाचा म्हणता येत नाही, कारण जे सापडायचे आहे ते एकट्याच्या मालकीचे नाही.

‘एक साहित्यिक की डायरी’मध्ये मुक्तिबोधांनी निर्मितिप्रक्रियेचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसरा क्षण तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनाचित्राचे, म्हणजे त्यांच्या शब्दात फँटसीचे, रूप धारण करण्याचा. आणि तिसरा क्षण त्या चित्राला शब्दबद्ध करीत पूर्णतेला नेण्याचा. प्रकाशप्रतिमांना ही मांडणी चपखल लागू पडते. मशाल, रत्ने, ठिणग्या या साऱ्या दुसऱ्या क्षणात जन्मतात, पण त्यांचा अर्थ तिसऱ्या क्षणाच्या कष्टाखेरीज सिद्ध होत नाही. ही दीर्घ कविता वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहिली गेली आणि कवीच्या निधनानंतर, नोव्हेंबर १९६४ मध्ये ‘कल्पना’ या मासिकात प्रकाशित झाली. तिच्यातील उजेड असा घासून काढलेला आहे.

आता पुन्हा भिलाईकडे वळता येईल. झोतभट्टीतून वितळलेले लोखंड बाहेर सोडले जाते तेव्हा जो उजेड पडतो, त्याच्या मागे दल्ली-राजहराच्या खाणींतील खनिज असते आणि ते खणणाऱ्यांचे श्रम असतात. त्या खाणकामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या रात्री भिलाईत ते झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईतच रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. ‘अंधेरे में’मध्ये रात्रीचे नगर आहे, गोळीबार आहे, पेटलेले रस्ते आहेत. म्हणून कवीला भविष्यवेत्ता ठरवण्याची आवश्यकता नाही. भविष्यवाणी म्हणून वाचलेली कविता एकदा खरी ठरली की संपून जाते. ही कविता संपत नाही, कारण घडलेल्या घटनेपेक्षा ती पाहणाऱ्याचे वर्तन तिला अधिक महत्त्वाचे वाटते. भट्टीचा उजेड सर्वांना दिसतो. तो कोणाच्या श्रमांतून आला, हे ज्यांना कळते आणि जे कळूनही गप्प राहतात, त्यांच्याशी या कवितेचा संवाद आहे.

त्या गप्प राहणाऱ्यांत मध्यमवर्गीय, सुशिक्षित वाचक आला, आणि मराठी वाचकही आला. मुक्तिबोध आपले, ही भावना मराठी मनाला सुखावते. आडनाव मराठी, बंधू मराठीतील नामवंत कवी, ‘तार सप्तक’मधील (१९४३) सात कवींत त्यांच्या जोडीला प्रभाकर माचवे यांच्यासारखा दुसरा मराठीभाषक, ही सारी अभिमानाची स्थळे आहेतच. परंतु केवळ आडनावाच्या नात्याने मिळवलेला मोठेपणा हा पुन्हा उसनाच प्रकाश होय. बारवेच्या भिंतीवर आदळलेला किरण पाहून ब्रह्मराक्षस सुखावतो, त्यापेक्षा आपले सुखावणे फारसे वेगळे नाही. या कवीशी नाते जोडायचे, तर त्याच्या कवितेने मागितलेले काम अंगावर घेऊनच ते जोडता येईल. त्यांच्या ‘भारत: इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली होती. अभिव्यक्तीच्या धोक्याविषयी लिहिणारा हा लेखक तो धोका स्वतः भोगत होता, हे येथे विसरून चालणार नाही.

११ सप्टेंबर १९६४ रोजी, दीर्घ आजारानंतर, दिल्लीत मुक्तिबोधांचे निधन झाले. आज राजनांदगावात तळ्याकाठच्या ज्या वास्तुसमूहात ते राहत होते, तेथे त्यांचे स्मारक आहे. पण त्यांच्या प्रकाशाचे खरे ठिकाण ‘अंधेरे में’च्या शेवटच्या दृश्यात आहे. रात्र सरली आहे, साधी सकाळ झाली आहे. निवेदकाला तोच रहस्यमय पुरुष आता दिसतो, पण या वेळी गुहा नाही, मशाल नाही, रक्तवर्ण तेज नाही. रस्त्यावरच्या गर्दीत, सर्वांसाठी उगवलेल्या त्याच उन्हात, तो चालत जातो आणि दिसेनासा होतो. त्याला हाक मारायला उघडलेले तोंड तसेच राहते. अर्जित प्रकाशाची वेगळी प्रभा उरलेली नसते. ती सामान्य माणसांच्या चेहऱ्यांवर पसरून गेलेली असते. म्हणून निवेदक यापुढे प्रत्येक गल्लीत, प्रत्येक चेहऱ्यात त्याला शोधत हिंडणार आहे. दार न उघडणारा माणूस अखेर रस्त्यावर उतरला आहे, आणि या कवितेने प्रकाशाला दिलेला अर्थ त्या उतरण्यातच सामावलेला आहे.